सॅमी ड्रेक्सल ‘कॅबरे-दिग्दर्शक’ होता का?

प्रश्न असा आहे: म्युनिकच्या सॅमी ड्रेक्सलची (१९२५–१९८६) ओळख मराठीत ‘क्रीडा-वार्ताहर आणि कॅबरे-दिग्दर्शक’ अशी द्यावी का?

‘कॅबरे’ नकोच. मराठी वाचकापुढे लगेच हेलन उभी राहते. ड्रेक्सल बसवायचा त्यात चार-पाच नट, छोटे प्रवेश, गाणी, स्वगतं आणि निशाण्यावर राजकारण. जर्मन लोक हा फरक वर्तनीतच करतात: ‘के’ने सुरू होऊन दोन ‘टीं’वर संपणारं ते राजकीय टिंगलीचं, आणि ‘सी’ने सुरू होणारं, फ्रेंच वळणाचं, ते नाचगाण्याचं. म्हणून मराठीत ‘काबारेट’ लिहा आणि पहिल्या उल्लेखाला ‘राजकीय उपहासाचा रंगमंच’ अशी फोड द्या. ‘वगनाट्य’ म्हणायचा मोह होतो, कारण बतावणीतला चिमटा जुळतो. पण त्याबरोबर ढोलकी आणि गण-गवळणही येते, ती तिथे नाही.

त्याच्या मंडळीचं नाव तर भाषांतरकाराची परीक्षाच. १९५६ साली काबारेट-कलाकार डीटर हिल्डेब्रांटबरोबर त्याने म्युनिकच्या श्वाबिंग भागात ‘लाख उंड शीस-गेझेलशाफ्ट’ काढली. जर्मनीत रात्रीची राखण करणाऱ्या कंपनीला ‘वाख उंड श्लीस-गेझेलशाफ्ट’ म्हणतात, म्हणजे पहारा द्या, कुलूप लावा. ‘वाख’चा ‘लाख’ केला, ‘श्लीस’मधला ‘ल’ उडवला, की झालं ‘हसा आणि गोळ्या घाला’. मराठीत ‘हसा-झाडा मंडळी’ बरं बसतं, कारण आपण गोळीही झाडतो आणि माणसालाही झाडतो. कुलूपवाला श्लेष मात्र हातचा जातो. तो कंसात सांगावाच लागतो.

‘वार्ताहर’ही अपुरा. जर्मन ‘श्पोर्टरिपोर्टर’मध्ये मैदानावरून थेट बोलणाराही येतो, आपल्याकडे वार्ताहर म्हटलं की वर्तमानपत्र आठवतं. ड्रेक्सल आधी बर्लिनच्या ‘रिआस’ रेडिओवर, मग बव्हेरियाच्या नभोवाणीवर होता. ‘क्रीडा-समालोचक’ लिहा.

आडनावात ‘सीएचएस’ आहे, त्याचा उच्चार ‘क्स’, ‘ड्रेखसेल’ चूक. १९८० पासून त्याने दिग्दर्शित केलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम ‘शायबेनविशर’, म्हणजे गाडीच्या काचेचा वायपर. हे नाव भाषांतरित न करता अर्थ द्यावा, ‘काचपुसणी’ केलं की गाडी निघून जाते आणि घरातलं फडकं उरतं.