टोरंटोच्या चायनीज हॉटेलात हिंदी कसं काय?

प्रश्न : मुलीकडे टोरंटोला गेले होते, तिथे एका हक्का हॉटेलात जेवलो. चिली चिकन अगदी आपल्याकडच्यासारखं, आणि गल्ल्यावरच्या चिनी काकू माझ्याशी चक्क हिंदीत बोलायला लागल्या, म्हणे आम्ही कलकत्त्याचे! हे काय प्रकरण आहे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकू खरं तेच बोलल्या. ब्रिटिशांच्या काळापासून चिनी लोक कलकत्त्यात येत गेले आणि ज्याचा त्याचा धंदा जवळपास ठरलेला, कॅन्टनकडचे सुतारकाम करायचे, हूबेई प्रांतातले दातांचे डॉक्टर आणि हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधला एक समाज, ते लोक चामड्यात. आपल्याकडे जातीपायी चामड्याला हात लावायला बरेच जण तयार नसायचे, त्यामुळे कलकत्त्याच्या टांगरा भागात या हक्का लोकांच्या टॅनऱ्या, म्हणजे चामडं कमावायचे कारखाने, जोरात चालल्या. तिथे चिनी लोकांनी सांभाळलेलं कालीमातेचं देऊळ आहे, प्रसादाला नूडल्स असतात बरं का!

मग 1962 चं युद्ध झालं आणि सगळं फिरलं. आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडून सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना, त्यात म्हातारेकोतारे, तान्ही पोरंसुद्धा, उचललं आणि आगगाडीत बसवून थेट राजस्थानात देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं. खटला नाही काही नाही. त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले. काही जण वर्षानुवर्षं आत, काहींना जहाजाने चीनला धाडलं, जो देश पोरांनी कधी बघितलाच नव्हता, आणि जे सुटून घरी आले त्यातल्या अनेकांचं घर-दुकान तोवर गेलेलं. कलकत्त्यातले बहुतेक या छावणीतून वाचले, पण पोलिसांत नोंदणी, शहराबाहेर पडायला परवानगी, हा जाच त्यांनाही होताच. शाळेच्या इतिहासात यातलं मी तरी काही वाचलेलं नाही, आणि हे मला खटकतं.

मग काय, ज्यांना जमलं त्यांनी मुलांना कॅनडाला पाठवलं आणि मागोमाग स्वतःही गेले. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रदूषणामुळे टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला सांगितल्या, तेव्हा उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी टांगऱ्यात हॉटेलं टाकली. टोरंटोत गेलेल्यांनी तीच चव तिकडे नेली, गिऱ्हाईक बरचसं आपलंच, त्यामुळे काकूंचं हिंदी अजून तरतरीत आहे. नातवंडांचा कारभार मात्र सगळा इंग्लिशमध्ये.

पुढच्या वेळी गेलात तर टांगऱ्याबद्दल खुशाल विचारा, खुलून बोलतील. देवलीचा विषय मात्र आपणहून काढू नका, तिथून आलेल्या कित्येक आईबापांनी तो पोटच्या पोरांनाही सांगितला नव्हता.