सर्कशीतला जिराफ नेमका कोणता खेळ करायचा?

कोणताच नाही. मुख्य तंबूत शिरण्याआधी लोक जनावरांच्या तंबूतून जायचे, तिथे तो उभा असायचा. फार तर दोरी धरून रिंगणाभोवती फिरवत.

पण तुम्ही पुढे विचारलंय, "मग त्याला पोसायचं कशाला?" म्हणून लिहायला बसलो. हेच माझ्या आतेभावाने बाराबूच्या सर्कस संग्रहालयात विचारलं होतं. बाराबू हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं, सर्कसवाल्या रिंगलिंग बंधूंचं गाव, आमच्या घरापासून तासाभरावर. तिथल्या जुन्या पोस्टरांसमोर दादा म्हणाला, "वाघ उडी मारतो, हत्ती स्टुलावर बसतो. हा नुसता मान वर करून उभा. मठ्ठ जनावर." माझे आजोबा सांगलीकडच्या एका सर्कशीत घोडे आणि उंट सांभाळायचे. मला ते ऐकवेना. तो वाद आजही मिटलेला नाही.

अहो, नुसतं उभं राहणं हाच त्याचा धंदा होता! १९००च्या सुमारास रिंगलिंगांनी जाहिरात केली: जगात उरलेला एकमेव जिराफ, किंमत २०,००० डॉलर. धादांत खोटं. आफ्रिकेत कळपच्या कळप चरत होते. तरी लोकांना ते पटलं, कारण जिराफ खरोखरच मिळेनासे झाले होते. हॅम्बुर्गच्या हागेनबेकसारख्या जनावरांच्या व्यापाऱ्यांचा माल सुदानातून यायचा आणि १८८१मध्ये तिथल्या महदी या धर्मनेत्याचं बंड सुरू झाल्यावर ती वाट बंद पडली. त्याआधी, १८७०मध्ये, कॅसानोव्हा नावाच्या शिकाऱ्याचा तांडा सुएझला पोचला तेव्हा जिराफांबरोबर दुभत्या शेळ्यांचा कळप होता. मोठा जिराफ धरून आणणं अवघड, म्हणून पिल्लंच धरायचे आणि वाटेत शेळीच्या दुधावर जगवायचे.

आणि जगवणं सोपं नव्हतं. वाघाला मांस कुठल्याही गावात मिळतं. जिराफाला रेल्वेच्या पुलांखालून आणि बोगद्यांतून न्यायचं, ते लांब पाय सांभाळत. आजोबा म्हणायचे, प्रवासात वाघाची चिंता नसते, उंट खाली बसून उठला नाही की रात्र गेली. (त्यांच्या सर्कशीत जिराफ नव्हता, हे सांगायला हवं.) माझ्या मते जिराफाला गावोगाव फिरवणं हा छळच होता. सांभाळणारी माणसं मात्र जीव लावणारी असायची, मालकांचा राग त्यांच्यावर काढू नका.

राहिलं मठ्ठपण. आज प्राणिसंग्रहालयांत जिराफ खाऊच्या बदल्यात आपणहून खूर पुढे करतात, रक्तसुद्धा काढू देतात, बेशुद्ध न करता. दादा, तू हे वाचशीलच. पुढच्या खेपेला आलास की तुला ते दाखवायला नेतो.