स्तनांची तपासणी कोणत्या वयापासून?

प्रश्न : माझे वय ३८ आहे. आईला ४६व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. मैत्रीण मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) चाळिशीनंतर करायला सांगते, तर शेजारच्या काकू पन्नाशीनंतर. मी थांबू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, आपण थांबू नये. दोघींचेही म्हणणे निराधार नाही. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२४मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली, तर ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावतात. मात्र हे नियम सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांसाठी आहेत. आईला हा आजार झाला असेल, तर तिच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे तपासणी सुरू करावी, असा डॉक्टरांचा संकेत आहे, आणि आपली छत्तिशी तर उलटून गेली आहे. तरुण वयात स्तनांतील ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीत लहान गाठ झाकली जाऊ शकते. म्हणून सोनोग्राफी किंवा एमआरआयची जोड आणि जनुकीय चाचणी हवी का, हे कर्करोगतज्ज्ञांना अवश्य विचारा.

काकूंनाही एक निरोप द्या. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमधील या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

न दुखणारी गाठ, त्वचेवर नव्याने पडलेली खळी किंवा स्तनाग्रातून रक्ताळ स्राव दिसला, तर मात्र वयाचा हिशेब न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.