जुळवू नकोस

चि.

तुझं पत्र आणि वहीची पानं मिळाली. तुमच्या सोलापुरातल्या पेठेतल्या पाडलेल्या चर्चबद्दल चार जणांना विचारलंस, चौघांनी चार चर्च सांगितली, आणि आता कुणाचं खरं मानायचं हे तुला कळेनासं झालंय. एक आजोबा म्हणतात माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, होतं, दुसरे म्हणतात पत्रा होता, तिसऱ्या बाई म्हणतात तिथे चर्च कुठलं, शाळा होती. चौथ्या आजी विड्या वळता वळता 'गुडी' म्हणाल्या, तर तू त्यांना यादीतूनच काढून टाकलंस.

शेवटच्या पानावर तू लिहिलंयस, 'सुमारे १९५० साली बांधलेले, पत्र्याचे छप्पर असलेले छोटे चर्च.' हे वाक्य आधी खोड. हे चौघांपैकी कुणीही सांगितलेलं नाही. ते तू जुळवलंयस. जुळवू नकोस.

सोलापुरात माळवद आणि पत्रा हे एकाच इमारतीचे दोन काळ असतात. माळवदाला पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून धोपटावं लागतं. दोन-तीन वर्षं ते राहून गेलं की गळती लागते, तुळया कुजतात, वाळवी लागते. मग ओझं उतरवून त्याच भिंतींवर पत्रे टाकतात. म्हणजे तुझे दोन्ही आजोबा खरं बोलत असतील, फक्त त्यांच्या वयात दहा-पंधरा वर्षांचं अंतर असेल. ते तपासायला छपराचं नावच काढायचं नाही. दोघांनाही एकच विचार, 'उपासना चालू असताना पाऊस आला तर काय व्हायचं?' माळवदाखाली बसलेला माणूस गळक्या जागेखाली ठेवलेल्या भांड्याचं सांगेल, साण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, सतरंजीवर पडणाऱ्या उजेडाचं सांगेल. पत्र्याखाली बसलेला सांगेल की पाळकसाहेबांचा आवाजच ऐकू यायचा नाही, पाऊस थांबेपर्यंत सगळे गात राहायचे. कोण कुठल्या छपराखाली बसलं होतं ते असं कळतं, आणि तुझं वर्षसुद्धा पुढे इथूनच निघणार आहे.

शाळावाल्या बाईंचंही तसंच. मिशनच्या किती इमारतींत आठवडाभर शाळा भरायची आणि रविवारी उपासना व्हायची! त्यांना विचार, बसायला काय होतं, फळा कुठल्या भिंतीला होता, आणि रविवारी त्या फळ्याचं काय करायचे. आणि विडीवाल्या आजींकडे परत जा. तेलुगूत आणि कानडीतही देवळाला गुडीच म्हणतात. आपल्याकडची जुनी मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळ म्हणत आली आहेत, मग त्यांनी गुडी म्हटलं तर काय बिघडलं? वहीत गुडी हाच शब्द लिही. पुढे कंसात 'चर्च' असंही लिहू नकोस. त्या एका शब्दावरून कळतं की आजूबाजूच्या तेलुगू विणकर घरांतही ती जागा देवाची म्हणून ओळखली जायची. तू त्याचं भाषांतर केलंस की ते गेलं.

तू आणखी एक घोळ केलायस. 'वेदी' हा शब्द कुणी वापरला? मला खात्री आहे, तूच घातलास. सोलापुरात १८६० च्या दशकापासून अमेरिकन मराठी मिशन होतं. त्यांची परंपरा काँग्रिगेशनल. तिथे समोर व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचं टेबल असतं, मूर्ती नसते, आणि बाप्तिस्मा लहान मुलांनाही पाणी शिंपडून देतात. तेव्हा कुणाला बुडवून बाप्तिस्मा देण्याचा हौद आठवत असेल तर ती मंडळी, म्हणजे तो चर्चसमाज, वेगळी. मरियेची मूर्ती आणि गुडघे टेकायच्या फळ्या आठवत असतील तर चर्च कॅथलिकांचं. गणवेश, ढोल आणि खंजिरी आठवत असेल तर मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी. एकाच पेठेत दोन पंथांच्या जागा असू शकतात, आणि तू दोन वेगळ्या इमारती शिवून एक करत असशील. म्हणून तर म्हणतो, जुळवू नकोस.

आता विचारायचं कसं ते नीट ऐक. एका वेळी एकाच माणसाकडे जा. चौघांना एकत्र बसवलंस तर ज्याचा आवाज मोठा त्याचं चर्च उभं राहतं आणि बाकीचे माना हलवतात. एकाने काढलेला नकाशा दुसऱ्याला दाखवू नकोस. 'चर्च कसं होतं?' असं विचारलंस तर 'छान होतं' एवढंच हाती लागेल. त्यांना घरातून निघायला लाव. घरातून बाहेर पडल्यावर कुठल्या हाताला वळायचं, चपला कुठे काढायच्या, किती पायऱ्या, बायका कुठल्या बाजूला, घंटा हाताने ओढायची की टोला द्यायचा, कुठल्या गिरणीचा भोंगा जवळून ऐकू यायचा. कोरा कागद आणि जाड पेन त्यांच्या हातात दे, रेषा त्यांनाच काढू दे. फोनवर ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद करायला सांगू नकोस, एप्रिलात ते शक्य नाही. फोन घडी घातलेल्या चादरीवर, माणसापासून हातभर अंतरावर ठेव. शेजारी माग चालू असतील तर दुसऱ्या वेळी जा.

वर्ष कधीच विचारू नकोस. माणूस तुला खूश करायला वर्ष सांगतो. त्याऐवजी आधी की नंतर ते विचार. बहात्तरच्या दुष्काळात भिंती उभ्या होत्या का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा? महानगरपालिका १९६४ ची, ती झाली तेव्हा लग्नं तिथेच लागत होती का? पाडलं ते नाताळ आणि गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, मध्ये की गड्ड्यानंतर? अशा दोन-तीन खुंट्यांमध्ये तारीख आपोआप अडकते. अडकली नाही तर तशीच मोकळी ठेव.

मला लोक हेकट म्हणतात, कारण मी 'सुमारे' लिहू देत नाही. म्हणोत. मीही कितीतरी काळ पाच जणांचं ऐकून एक गुळगुळीत परिच्छेद करत आलो, आणि आज त्या परिच्छेदातलं कुठलं वाक्य कुणाचं ते मलाच सांगता येत नाही. विचारायला ती माणसंही उरली नाहीत. हे सांगताना मला आनंद होत नाही. पण तुझी वही तशी होऊ नये म्हणून एवढा चिडून लिहितोय.

कागद नंतर. आणि कागदांनाही आठवणींशी जुळवू नकोस. नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकाची नक्कल मिळते, पण सिटी सर्व्हे नंबर हवा. तो माहीत नसेल तर शेजारच्या घराचा घे आणि नकाशावर बाजूचा नंबर वाच. जुनी चौकशी नोंदवहीही माग. शेजाऱ्यांचं जुनं खरेदीखत मिळालं तर त्यातली चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, वाच. 'पश्चिमेस मिशनची जागा' अशी एक ओळ दहा मुलाखतींना पुरते. खरेदीखत हरवलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांची यादी, आहे. जुनं क्षेत्रफळ चौरस यार्डात असेल तर ०.८३६ ने गुणायचं म्हणजे चौरस मीटर येतात. आकडा नेमका बसला नाही तर घाबरू नकोस, रस्तारुंदीत पट्टा जातो.

जागा विश्वस्त संस्थेच्या नावावर असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा उतारा असतो, त्याला शेड्यूल वन म्हणतात. ख्रिस्ती संस्थांच्या नोंदणी क्रमांकाला 'डी' अक्षर असतं. सोलापुरात नाही सापडलं म्हणजे नाहीच असं नव्हे. मिशनचं मोठं ठाणं नगरला होतं, नोंदणी तिकडे किंवा मुंबईला असू शकते. जागा विकली असेल तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खालच्या परवानगीची फाईल शोध, तिच्यात जागेचं वर्णन असतं. पावत्यांची शीर्षकं बघ. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला झालं, त्यामुळे सी.एन.आय. छापलेली पावती त्याआधीची असूच शकत नाही. इंग्रजी कागदांत 'शोलापूर' या स्पेलिंगनेही शोध. मंडळी बंद पडली की तिच्या नोंदवह्या बहुधा जवळच्या मोठ्या मंडळीकडे जातात. तिथल्या पाळकांना लेखी अर्ज दे. लग्नाच्या नोंदीत साक्षीदारांच्या सह्या असतात, पुढची माणसं त्या सह्यांतूनच सापडतात.

फोटो म्हणजे लग्नाचे. नवरानवरीकडे बघू नकोस, त्यांच्या मागे बघ. दाराची कमान, पायऱ्या, पत्र्याची कड, पन्हाळ. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नकोस, पानासकट ६०० डीपीआयला स्कॅन कर. सुटा असेल तर पाठही स्कॅन कर, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

वहीची उजवी पानं सांगणाऱ्यांच्या शब्दांसाठी ठेव, डावी तुझ्या अंदाजांसाठी, आणि प्रत्येक ओळीपुढे 'पाहिलं' की 'ऐकलं' ते लिही. याच आठवड्यात विडीवाल्या आजींकडे जा. तेलुगू समजणारं कुणीतरी सोबत ने, पण त्याला मध्ये बोलू देऊ नकोस. नंतर माझ्याकडे ये. वही सुवाच्य करून आणू नकोस, खाडाखोड असलेली मूळचीच आण.

तुझा,
काका