वहिनी, तुम्ही फक्त पत्ता द्या

या वेळचं पत्र इथल्याच, इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलंय. चार पानांत तीन प्रश्न, आणि लिहिणाऱ्या बाईंना सर्वांत जास्त काळजी आहे ती नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटची. तो आधीच निकालात काढते. भाडेकरूचा लेखी करार नसेल तर या फेरीत नोंदणी करून घ्या, मुखत्यारपत्र देताना वकील तुमचा असू द्या. झालं. आता उरलेल्या जागेत मला पहिल्या प्रश्नाबद्दल बोलायचंय. तो तुम्ही दीड पानात उरकलाय, म्हणून मलाच झोप नाही.

पत्रातला तो भाग असा: "माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीने, वय २३, फेब्रुवारीत घरी न सांगता लग्न केलं. मुलगा नोकरीला आहे, स्वभावानेही चांगला, पण आपल्यातला नाही. तेव्हापासून ती नाशिकला आलेली नाही. ती कुठे राहते हे फक्त मला आणि माझ्या मुलीला माहीत आहे. दीर आधी खूप भडकले होते, नको ते बोलले, आता शांत आहेत. परवा फोनवर रडले. म्हणाले, वहिनी, तुम्ही फक्त पत्ता द्या, आम्ही तिला काही करणार नाही. आमच्या आईची तब्येत बरी नाही, एकदा भेटून जाऊ दे. आम्ही दिवाळीला जातोय. ह्यांचं म्हणणं, आपण मोठे आहोत, मधे बसून मिटवून टाकू. ताई, दीर तसे नाहीत हो. पोलिसांपर्यंत जाण्यासारखं काही नाही यात."

बाई, तुमची माया कळते मला. मुलीने अख्ख्या खानदानात विश्वास टाकला तो तुमच्यावर, ही काही लहान गोष्ट नाही. पण 'मधे बसून मिटवून टाकू' हे वाक्य वाचलं की माझं डोकं उठतं. हा स्तंभ नेमाने वाचणाऱ्यांना माझं हे वेड माहीत आहे. त्यांनी चहा टाकायला जावं.

तुमच्याच पत्रातले शब्द घेऊ. 'नको ते बोलले.' काय बोलले? तुम्ही लिहिलं नाहीत. चार पानांत मुलाचा पगार आला, जात आली, फ्लॅटचा चौरस फूट आला, आणि दीर काय बोलले ते मात्र गाळलंत. मी वीस वर्षं लेस्टरमध्ये दुभाषाचं काम केलंय. माणसं जे वाक्य गाळतात तेच ऐकायला आम्हाला बसवलेलं असायचं. 'तंगडी तोडीन' म्हणाले असतील, 'तू आम्हाला मेलीस' म्हणाले असतील, की 'तिला जिवंत ठेवणार नाही' असं म्हणाले? या तिन्हींत फरक आहे. तिसरं असेल तर ते कोणत्या तारखेला, कुणासमोर म्हणाले, हे आज रात्रीच एका कागदावर लिहून ठेवा.

दुसरा शब्द, 'शांत झालेत.' राग गेला म्हणूनही माणूस शांत होतो, आणि काय करायचं ते ठरलं की त्यानंतरही शांत होतो. फोनवर दोन्ही आवाज सारखेच लागतात.

आणि तिसरं, 'आईची तब्येत बरी नाही.' इथे मी खुर्चीतून उठले. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, म्हणजे २०१३ चा जून तुम्हालाही आठवत असेल. एका बापाने स्वतःच्या मुलीचा गळा आवळला. मुलगी नऊ महिन्यांची गरोदर होती. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं आणि जातपंचायतीने घराला वाळीत टाकलं होतं. बाप तिला घेऊन गेला तो घरातलं माणूस आजारी आहे, भेटायला चल, असं सांगून. मुलगी आपल्या पायांनी रिक्षात बसली, कारण आजारी माणसाला भेटायला नाही कोण म्हणतं? नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती कायम केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून वीस वर्षं सक्तमजुरी दिली, शिक्षेत सवलत नाही. अकरा वर्षं कोर्ट चाललं. त्याच खुनानंतर डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंनिसने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, ऑगस्टमध्ये नाशिकला परिषद भरली, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला पुण्यात दाभोलकरांचाच खून झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला कायदा अमलात यायला जुलै २०१७ उजाडलं. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा आला हे चांगलंच झालं. पण या सगळ्याच्या आधी एक साधं वाक्य होतं: भेटायला चल.

तुमचे दीर तसेच आहेत असं मी म्हणत नाही. मी त्यांना ओळखत नाही. पण 'तसे नाहीत' हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्या शब्दांवर आता माझा कणभरही भरवसा उरलेला नाही. आमच्याच घरात ऐकलंय.

१९८६ सालची गोष्ट. आम्ही पंचवटीत राहायचो, मी सतरा वर्षांची. माझी आतेबहीण घरातून गेली आणि देवळाली कॅम्पात मैत्रिणीकडे राहिली. मला तिने एक पोस्टकार्ड टाकलं, त्यावर खालच्या कोपऱ्यात पत्ता, आणि 'कुणाला दाखवू नकोस' अशी ओळ. (पोस्टकार्डावर! आम्ही किती भाबड्या होतो.) माझ्या वडिलांनी मला समोर बसवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की तिला कुणी बोटही लावणार नाही. मी पत्ता दिला. ते चौघे आधी पोलीस चौकीत गेले. फौजदाराने मुलीला बोलावून घेतलं, ती सज्ञान असल्याचा दाखला पाहिला, आणि म्हणाला, घरचाच मामला आहे, बसून मिटवा. एका कागदावर सह्या झाल्या आणि चौकीतूनच तिला आत्याच्या हवाली केलं. वडिलांची शपथ खरी निघाली. कुणी बोट लावलं नाही. आईने गोडाचा शिरा केला होता. अठराव्या दिवशी तिचं लग्न लावून दिलं, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठ्या बिजवराशी. आज ती साठीला आली. कार्यात भेटली की माझ्याशी बोलते, पण फक्त स्वयंपाकाबद्दल. मीठ बरोबर पडलंय का, पुरण सैल झालं का. बाकी काही नाही. चाळीस वर्षं.

आमचे वडील वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण मिटवतोय. मधे बसणाऱ्याला नेहमी तसंच वाटतं. आणि आपण परदेशातली माणसं मधे बसवायला फार सोयीची. लांब असतो म्हणून निष्पक्ष वाटतो, पौंडांमुळे वजन असतं, आणि पळून गेलेली पोर बरोबर आपल्यालाच फोन करते. गळाला लावायला याहून चांगलं आमिष कोणतं?

इथल्या पोलिसांनी, कौन्सिलवाल्यांनी हे ठेच लागून शिकलंय. २००६ ची बनाझ महमूदची केस तुम्हाला माहीत असेल, तेव्हा दक्षिण लंडनमध्ये राहणाऱ्या सगळ्यांनाच माहीत होती. वीस वर्षांची कुर्द मुलगी. पाच वेळा पोलिसांकडे गेली. आपल्याला कोण मारणार त्यांची नावं लिहून दिली. वडिलांच्या तावडीतून सुटायला तिने काच फोडली, तर पोलीस बाईला ते नाटक वाटलं, वर फुटलेल्या काचेचा गुन्हा लावायची भाषा. शेवटी तिला सुरक्षित जागा देऊ केली, तेव्हा ती नको म्हणाली. आई घरी आहे, मला काही होणार नाही, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिचा खून झाला. वडील आणि काका दोघांनाही जन्मठेप झाली.

आता इथे सक्तीच्या लग्नांबद्दलची जी सरकारी मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिच्यात एक नियम 'एकच संधी' या नावाने ओळखला जातो: मुलगी बोलायला आली तर ती पुन्हा येईलच असं धरून चालू नका, जे करायचं ते याच भेटीत. दुसरा, घरच्यांशी तडजोड घडवायला जाऊ नका. तिसरा, नातेवाइकाला दुभाषा म्हणून बसवू नका. हा तिसरा माझ्या पोटापाण्याचा, म्हणून त्याचं एक सांगते. एका दवाखान्यात मला उशिरा बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा सासूबाईच भाषांतर करत होत्या. मुलगी खाली बघून दोन मिनिटं बोलली, मधे एकदा थांबून पदराने नाक पुसलं, पुन्हा बोलली. सासूबाई डॉक्टरकडे वळल्या आणि म्हणाल्या, "शी इज फाइन." मी दारात उभी होते, मला मराठी येतं हे त्यांना माहीत नव्हतं.

तर, 'पोलिसांपर्यंत जाण्यासारखं काही नाही' याचं उत्तर. जायचं की नाही हे तुम्ही किंवा तुमचे यजमान नाही ठरवायचं. तिने ठरवायचं, आणि तिला काय काय मिळू शकतं हे आधी तिला कळायला हवं. आपल्याकडे घराच्या अब्रूपायी केलेल्या खुनासाठी वेगळं कलम नाही, खून झाला तर खुनाचंच लागतं. पण खुनाच्या अलीकडे बरंच काही आहे. लता सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलंय की सज्ञान मुलीचं लग्न पटलं नाही तर आईबापांनी फार तर संबंध तोडावेत. धमकी, मारहाण, छळ चालणार नाही. शक्ती वाहिनी या संस्थेच्या खटल्याच्या निकालात, मार्च २०१८ मध्ये, त्याच न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास मदतीचा फोन आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित घर हवं असं सांगितलं. राहण्याची सोय नाममात्र पैशांत, आधी महिनाभर, गरज पडली तर वर्षापर्यंत. हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई. महाराष्ट्राच्या गृह विभागाने त्यासाठीचं परिपत्रक काढलं ते २०२४ च्या अखेरीस, तेही मुंबई उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर. पावणेसात वर्षं! आणि त्याच सरकारला डिसेंबर २०२२ मध्ये मात्र आंतरधर्मीय लग्नं केलेल्या मुलींची माहिती गोळा करायला समिती नेमण्याची घाई झाली होती. असो, त्यावर पुन्हा कधीतरी चिडेन.

तिला सांगा: ती राहते तिथल्या पोलीस आयुक्तांकडे किंवा अधीक्षकांकडे वकिलामार्फत अर्ज द्यायचा, सोबत विवाह नोंदणीचा दाखला आणि वयाचा पुरावा, २०१८ च्या निकालाचा उल्लेख करून. अर्जाची पोच घ्यायची. धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत. घरच्यांनी नाशिकला 'मिसिंग' दिली असेल आणि ठाण्यातून फोन आला, की या, जबाब देऊन जा, तर एकटीने नाशिकला जायचं नाही. मी आता राहते तिथल्या ठाण्यात वकिलासोबत जबाब देते, असं लेखी कळवायचं. ठाण्याच्या फाटकाबाहेर कोण उभं असतं ते मी १९८६ मध्ये पाहिलंय. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो असा, गुन्हा हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर तेही लिहून ठेवायचं. आणि जिवावर आलं तर ११२.

आजी खरंच आजारी असेल, हे मी नाकारत नाही. नातीला भेटायचं असेल तर व्हिडिओ कॉल आहे. तुम्ही आजीच्या उशाशी बसा, फोन तुमच्या हातात, खोलीत दुसरं कुणी नको.

तुमचा दुसरा प्रश्न, सोळा वर्षांची लेक घरात मराठी बोलत नाही. या दिवाळीपुरतं ते बरंच आहे. चेष्टा नाही करत. पत्ता तिलाही माहीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिथे उतरल्यावर काका तुम्हाला विचारणारच नाहीत, तिला विचारतील. लाडाने, मिसळ खायला नेऊन, डोक्यावर हात ठेवून. निघण्याआधी तिला हे सगळं सांगा, घाबरवू नका, पण सांगा. तिच्या फोनवरचे ताईचे मेसेज आणि फोटो काढून टाका, लोकेशन बंद करा, आणि फोन चार्जिंगला दिवाणखान्यात लावायचा नाही. तिने ठेवलेला शब्द तिच्याकडून कुणी काढून घेता कामा नये. ते ओझं काय असतं ते मला विचारा.

दिरांचा फोन येईल तेव्हा लांबण लावू नका. "भाऊजी, ती सुखरूप आहे. तुमचा निरोप मी तिला देईन. पत्ता मी कुणालाच देणार नाही, ह्यांनाही दिलेला नाही." एवढंच, दर वेळी तेच. ह्यांना अजून दिला नसेल तर देऊ नका. नवऱ्यापासून लपवायचं का, असं विचाराल. हो, हे लपवा. भाऊ रडला की भाऊ विरघळतो.

आणि नाशिकला पोचल्यावर तिला फराळाचा डबा पाठवायचा मोह होईल तुम्हाला, मी ओळखते आपल्या बायकांना. पाठवू नका. कुरियरच्या पावतीवर पत्ता असतो, पावती पर्समध्ये राहते, आणि पर्स जावेच्या कपाटात. पैसे पाठवा. चकल्या तिच्या ती करेल.