सीडी-४ वाढवणारी इंजेक्शनं: घ्यायची का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा एचआयव्ही असलेला लहान भाऊ नागपूरच्या मेडिकल कॉलेजमधल्या एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सेंटरमधून गोळ्या घेतो, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही, पण सीडी-४, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, २२० च्या आसपासच अडकलाय. सीताबर्डीवर कुणीतरी इंटरल्युकिनच्या 'इम्युनिटी इंजेक्शनां'चा कोर्स सुचवलाय आणि त्यासाठी आई बांगड्या मोडायला निघाल्यात. मोडू देऊ नका.

मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून एआरटीवर आहे. आकडा वर सरकत नाही तेव्हा जीव कसा टांगणीला लागतो, ते ठाऊक आहे.

या इंजेक्शनांमागची कल्पना खोटी नव्हती. इंटरल्युकिन-२ हा आपल्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी, सीडी-४ त्यांतल्याच) तयार करतात तो रेणू. त्याच्यामुळे या पेशी वाढतात. गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, मग सोबत हा रेणू दिला तर गेलेल्या पेशी लवकर भरून येतील, असा विचार होता. एस्प्रिट आणि सिलकॅट या दोन औषध-चाचण्यांत मिळून सुमारे ५,८०० रुग्ण होते. निम्म्यांना फक्त एआरटी, निम्म्यांना एआरटी आणि पाच-पाच दिवसांच्या फेऱ्यांत इंटरल्युकिन-२. त्यांच्यावर सुमारे सात वर्षं लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निकाल आला. सीडी-४ खरंच वाढला होता. एस्प्रिटमध्ये तर सरासरी १६० नं जास्त. पण संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर गाठणारे) आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. उलट एस्प्रिटमध्ये गंभीर दुष्परिणाम इंजेक्शनवाल्यांतच जास्त दिसले. वाढलेल्या पेशी लढणाऱ्या नसाव्यात, असा संशोधकांचा एक कयास आहे. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा सुधारला, माणसाचं संरक्षण नाही.

इंटरल्युकिन-१५ वर आधारलेल्या औषधांच्या चाचण्याही झाल्या आहेत, पण त्यांचा रोख शरीरात लपून बसलेल्या विषाणूवर आहे. आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, लेखी संमती घेतात. तुम्हाला कोर्सचा भाव सांगितलाय, एवढ्यावरूनच ओळखा.

भावाचं निदान उशिरा झालं असेल, तर सीडी-४ हळू वाढणं नेहमीचंच. व्हायरल लोड दबलेला आहे, ही फार मोठी गोष्ट आहे ताई, ती तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिलीत. पुढच्या खेपेला सेंटरवर टीबीची तपासणी आणि टीबी-प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. कोट्रायमॉक्सॅझोल (संसर्ग टाळण्यासाठीची गोळी) चालू असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत थांबवू नका. ताकदीसाठी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेत असेल तर तेही तिथे सांगा. टीएलडी या एआरटीच्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध रिकाम्या पोटी त्यांच्यासोबत घेतलं तर अंगात कमी शोषलं जातं. ते त्या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं, नाहीतर ते आणि त्या गोळ्या एकत्रच, जेवणासोबत. गुळवेलचा काढा वगैरे चालू असेल तर तोही लपवू नका.

सेंटरवर विचारायला संकोच वाटला तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, मोफत आहे, मराठीतही बोलतात.