'नातेसंबंध-केंद्रित' आणि 'करुणामय': समुपदेशनाच्या संदर्भात

एका समुपदेशकाच्या कार्यपद्धतीचा परिचय लिहिताना 'करुणामय आणि नातेसंबंध-केंद्रित उपचारपद्धती' असे शब्द योजले असता, हे गृहस्थ नवरा-बायकोतील वाद मिटवतात असा समज वाचणाऱ्यांनी करून घेतला. त्यावरून असा प्रश्न विचारण्यात आला आहे की, यात शब्द चुकला का, आणि चुकला असेल तर त्याऐवजी काय लिहावे?

व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीही चुकलेले नाही, परंतु वाचणाऱ्यांचाही दोष नाही. मराठीत 'नाते' हा शब्द एकटा आला की तो पहिल्यांदा रक्ताच्या किंवा सोयरिकीच्या संबंधाकडेच जातो. 'नातलग', 'नातेगोते', 'नातेवाईक' हे त्याचे सगेसोबती त्याच घरचे आहेत. याहून वेगळे नाते सांगायचे असेल, तर मराठी माणूस ते कोणाचे किंवा कशाचे हे षष्ठीने स्पष्ट करतो: मैत्रीचे नाते, गुरुशिष्यांचे नाते, लेखक-वाचकांचे नाते. 'नातेसंबंध-केंद्रित' या समासात ही षष्ठी गळून पडते आणि वाचक सवयीने कुटुंबाकडे वळतो.

त्यात भर पडते ती 'केंद्रित' या पदाची. 'बालकेंद्रित शिक्षण' किंवा 'स्त्रीकेंद्रित कथा' असे आपण म्हणतो तेव्हा पूर्वपद हा त्या शिक्षणाचा रोख किंवा त्या कथेचा विषय असतो. त्या न्यायाने 'नातेसंबंध-केंद्रित समुपदेशन' म्हणजे ज्यात नातेसंबंध हा चर्चेचा विषय आहे ते समुपदेशन. प्रस्तुत समुपदेशकाच्या बाबतीत मात्र संबंध हे साधन आहे. समोर बसलेली व्यक्ती परीक्षेच्या भीतीविषयी बोलत असो की आप्ताच्या मृत्यूविषयी, ज्या आधारावर ती बोलू शकते तो आधार म्हणजे तिचा आणि समुपदेशकाचा परस्परसंबंध. विषय आणि साधन यांतला हा भेद समासात मावत नाही, आणि सारा घोटाळा तेथेच झाला आहे.

ही विचारसरणी मुख्यतः अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (1902–1987) यांच्यामुळे रुजली. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी माणसात बदल घडून येण्यासाठी आवश्यक अशा अटी मांडल्या. समुपदेशकाने अंतर्बाह्य एक असावे, समोरच्याचा विनाअट स्वीकार करावा आणि त्याचे अंतर्विश्व त्याच्या बाजूने समजून घ्यावे, या त्यांपैकी सर्वांत अधिक चर्चिल्या गेलेल्या तीन अटी होत. तंत्रापेक्षा संबंधाला महत्त्व देणाऱ्या या मांडणीला आपल्याकडे 'व्यक्तिकेंद्रित समुपदेशन' म्हणतात, आणि तेथे 'केंद्रित' हे पद अचूक बसते, कारण केंद्रस्थानी खरोखरच व्यक्ती असते. पुढे 1979 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी या संबंधाचे तीन घटक सांगितले: उद्दिष्टांविषयी एकमत, करावयाच्या कामांविषयी एकमत आणि परस्परांतील जिव्हाळ्याचा बंध. या संबंधाला इंग्रजीत 'अलायन्स' म्हणतात. त्याचे 'उपचारात्मक युती' असे भाषांतर करण्याचा मोह होऊ शकतो, परंतु 'युती' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जागावाटपच उभे राहील. 'सहयोग' हा शब्द पुरेसा आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, येथे विशेषणाचा हट्ट सोडून वाक्य लिहावे: 'समुपदेशक आणि त्यांच्याकडे येणारी व्यक्ती यांच्यातील विश्वासाचा संबंध हा या समुपदेशनाचा पाया आहे.' संक्षेपच हवा असेल, तर 'विश्वाससंबंधावर आधारलेले समुपदेशन' असे म्हणता येईल. तो शब्द थोडा घडवलेला वाटतो हे खरे, परंतु तो दिशाभूल करत नाही.

'करुणामय' या शब्दाची अडचण निराळी आहे. 'करुणा' ही संकल्पना या संदर्भात अगदी योग्य आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत आणि त्यांत करुणेचा विषय दुःखी माणूस हा आहे. परंतु 'करुणामय', 'करुणाघन', 'करुणाकर' ही विशेषणे मराठीत इतकी वर्षे देवाला लावली गेली आहेत की, ती समुपदेशकाला लावताच तो गाभाऱ्यात जाऊन बसतो आणि येणारा माणूस याचक ठरतो. समपातळीवर बसून बोलू पाहणाऱ्या पद्धतीला हे मारकच आहे. 'करुण' तर मुळीच चालणार नाही, कारण 'करुण समुपदेशक' म्हणजे ज्याची आपल्यालाच दया यावी असा. 'आस्थेवाईक' हा शब्द साधा आणि प्रामाणिक आहे, पण तो विचारपूस करण्यापाशी थांबतो.

मला स्वतःला 'सहृदय' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. आज 'सहृदय' म्हणजे दयाळू असा ढोबळ अर्थ घेतला जात असला, तरी संस्कृत काव्यशास्त्रात तो रसिकाला लावला जातो. काव्यशास्त्राचे आचार्य अभिनवगुप्त यांच्या मते, काव्याच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. योगायोग असा की, दुसऱ्याचे मन त्याच्या बाजूने जाणण्यासाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या 'एम्पथी' या शब्दाचे कुळही कलाविचारातच सापडते. रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने 1873 मध्ये आकार पाहताना त्यात आपली भावना ओतण्याच्या क्रियेसाठी 'आइनफ्यूलुंग' ही संज्ञा वापरली, आणि 1909 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी तिच्यासाठी 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द घडवला. कलाकृतीपुढे उभ्या असलेल्या माणसासाठी योजलेले शब्द दोन्हीकडे दुसऱ्या माणसापुढे बसलेल्या माणसाला लावले गेले. एक फरक मात्र विसरू नये. काव्यशास्त्रातील सहृदयाने तन्मय व्हावे अशी अपेक्षा असते, तर रॉजर्स यांचा आग्रह असा की, दुसऱ्याचे दुःख 'जणू' आपले आहे असे जाणावे, पण तो 'जणू' कधीही सुटू देऊ नये. तो सुटला की ऐकणाराही बोलणाऱ्याबरोबर वाहून जातो.

या 'जणू'सह जाणण्याला 'समानुभूती' म्हणावे. 'सहानुभूती' हा शब्द व्युत्पत्तीने वाईट नाही, परंतु 'सहानुभूतीची लाट' आणि अर्जाच्या अखेरीस येणारा 'सहानुभूतीपूर्वक विचार' यांनी त्याला कीव करण्याच्या इतके जवळ आणून ठेवले आहे की तो आता समुपदेशनाच्या उपयोगाचा राहिलेला नाही.

येथे एक उपप्रश्न ओघाने येतो, तो असा की, 'समुपदेशन' म्हणजे समान पातळीवरून केलेला उपदेश का? ही व्युत्पत्ती मनाला भावते, पण संधिनियम ती मान्य करत नाहीत. 'सम' आणि 'उपदेश' मिळून 'समोपदेश' झाला असता, जसा 'पर' आणि 'उपकार' मिळून 'परोपकार' होतो. 'समुपदेश' यात 'सम्' हा उपसर्ग आहे, आणि त्याचा अर्थ एकत्र किंवा उत्तम रीतीने असा होतो. उलट 'समानुभूती'त 'सम' हेच पद आहे, कारण 'सम्' असते तर 'समनुभूती' असे रूप मिळाले असते. 'उपदेश' या शब्दाला आज चिकटलेला शिकवण देण्याचा अर्थ समुपदेशकांना खुपतो हे समजण्यासारखे आहे, परंतु 'दिश्' या धातूचा अर्थ दाखवणे असा आहे, आणि शब्द आता इतका रुळला आहे की तो बदलण्यात हशील नाही. मूळ मजकुरातील 'उपचारपद्धती'ऐवजी मात्र 'समुपदेशनपद्धती' असेच लिहावे, कारण 'उपचार' म्हटल्यावर रुग्ण आणि औषध गृहीत धरले जाते.

आता उरला तो येणाऱ्या माणसासाठीचा शब्द. रॉजर्स यांनी 1942 सालच्या आपल्या पुस्तकात 'पेशंट' टाळून 'क्लायंट' स्वीकारला. मराठीत 'अशील' वकिलाचा असतो, 'ग्राहक' दुकानदाराचा, आणि 'सल्लार्थी' म्हटले की पुन्हा सल्ला आला. बोलण्यात 'क्लायंट'च चालतो आणि तो चालू द्यावा. परिचयपर लेखनात 'येणारी व्यक्ती' बरे, फक्त 'व्यक्ती' हे नाम स्त्रीलिंगी असल्यामुळे पुढे सर्वत्र 'ती', 'तिला' असे लिहावे लागते, आणि परिच्छेद लांबला की समुपदेशन केवळ स्त्रियांसाठी आहे असे वाटू लागते. ते टाळण्यासाठी दुसऱ्या वाक्यापासून 'येणाऱ्यांना', 'त्यांचे' अशी अनेकवचनी रूपे घ्यावीत.